ठोंबऱ्याचे कांदे

खिडकीत बाटल्या सहा होत्या आणि कांदे तीनच.

कमळाकर रोकडे पडवीतच थबकला. हातातली छत्री मिटायची राहिली आणि तिचे पाणी त्याच्याच पायांवर गळत राहिले. त्याच्या तीन बाटल्यांच्या तोंडावर त्याचे तीन कांदे सकाळी ठेवले तसे बसले होते, खाली पाण्यात पांढऱ्या मुळ्या सोडून. शेजारच्या तीन बाटल्यांत मात्र नुसते पाणी होते. त्या सदानंद ठोंबऱ्याच्या.

आता कांदे गेले तर गेले, त्यात एवढे थबकण्यासारखे काय, असे कुणालाही वाटेल. पण हे कांदे खायचे नव्हते. कर्जतच्या एका हायस्कुलात जीवशास्त्राच्या शिक्षकांचे आठवडाभराचे शिबिर चालले होते. दहावीपुढे नवी अकरावी निघाली होती, तिच्या पुस्तकात पेशीविभाजन आणि गुणसूत्रे आली होती, आणि ज्यांनी ती शिकवायची त्यांच्यातल्या निम्म्यांनी गुणसूत्र कधी डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. म्हणून मुंबईहून डॉक्टर रेगेबाई आल्या होत्या. सोबत लाकडी पेट्यांतून मायक्रोस्कोप आणि त्यातल्या एकाच्या डोक्यावर बसवायचा कॅमेरा. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकाला तीन कांदे घ्यायला लावले. कांद्याचे बूड पाण्याला टेकेल अशा बेताने तो बाटलीच्या तोंडावर ठेवायचा, रोज पाणी बदलायचे, आणि मुळ्या बोटभर झाल्या की सकाळी त्यांची टोके कापायची, कारण सकाळी तिथल्या पेशी जोमाने दुभंगत असतात. ती टोके रात्रभर अल्कोहोल-ॲसिडात ठेवायची, दुसऱ्या दिवशी लाल रंगात गरम करायची, काचेवर घेऊन अंगठ्याने चेपायची. हात चांगला बसला तर भिंगाखाली गुणसूत्रे दिसायची.

"मी भाषण करणार नाही," बाईंनी सांगितले होते. "ज्याने त्याने आपला कांदा वाढवायचा आणि आपल्या हाताने स्लाइड करायची. कॅमेऱ्यात रोल एकच आहे. तेव्हा प्रत्येक शाळेची जी उत्तम असेल ती एकच स्लाइड मी घेईन, तिचाच फोटो काढीन. ती कुणाची, ते अहवालात लिहीन."

बाकीच्या शाळांतून एकेक शिक्षक आला होता. खालापूर तालुक्यातल्या एका शाळेतून तेवढे दोघे आले होते, कमळाकर आणि ठोंबरे, कारण त्या शाळेत अकरावीची जागा एक होती आणि माणसे दोन. जो उरेल तो अतिरिक्त ठरणार, हेही उघड होते. अतिरिक्त म्हणजे घरी बसायचे आणि कुठल्या तरी शाळेला आपली आठवण होईल म्हणून वाट बघायची. संस्थेच्या कमिटीवर ठोंबऱ्याचा चुलता होता. पण मुख्याध्यापकांनी त्या चुलत्यासमोरच सांगितले होते, "रेगेबाईंच्या अहवालात ज्याचं नाव येईल त्याला जागा." कमळाकरची सारी मदार त्या एका वाक्यावर होती, आणि त्या वाक्यावरही त्याचा पुरता विश्वास नव्हता.

म्हणूनच रिकाम्या बाटल्या पाहून 'कांदे गेले कुठे' हा प्रश्न त्याला पडलाच नाही. ठोंबऱ्याने ते का हलवले, हा पडला.

हलवले ठोंबऱ्यानेच असणार. उद्या सकाळी मुळ्या कापायच्या. आज कांदे कुठे तरी दडवायचे आणि उद्या बोंब मारायची, की माझे चोरले. बोट कुणाकडे जाणार? बाकीचे शिक्षक संध्याकाळच्या गाडीने आपापल्या घरी जात. कर्जतला लागूनच असलेल्या दहिवलीच्या या बोर्डिंगात उतरलेले दोघेच, आणि बोर्डिंगातली मुले अजून यायची होती. शिवाय गेले काही दिवस ठोंबरे फार गोड वागत होता. शाळेत इतकी वर्षे शेजारी बसून ज्याने कधी घरी चहाला बोलावले नाही, तो आता रस्त्याने आपल्या छत्रीत घेत होता. स्टेशनवर त्याने कमळाकरची ट्रंक उचलली तेव्हाच कमळाकरला ते खटकले होते.

आता आरडाओरडा करावा, तर रिकाम्या बाटल्यांपाशी पहिला सापडणार तो आपणच. कमळाकरने छत्री मिटली, आपल्या कांद्यांच्या मुळ्यांवरून एक नजर फिरवली आणि खोलीत जाऊन मुकाट्याने ओले कपडे बदलले.

ठोंबरे बाजारातून उशिरा आला. दोघे जेवायला बसले तेव्हा पडवीत अंधार झाला होता आणि स्वयंपाकघरात कंदील होता. खिडकीकडे ठोंबऱ्याने पाहिलेसुद्धा नाही. कमळाकरने तेही मनात टिपून ठेवले.

"वा, भजी!" ठोंबरे म्हणाला. "धोंडूबाई, आज काय थाट!"

"खा, खा मास्तर. आज खायाचाच दिवस हाय."

धोंडूबाई बोर्डिंगात रांधायला होती. म्हातारी, पण कामाला वाघीण. आल्या दिवशीच तिने विचारले होते, "तुमी कुनापैकी वो मास्तर?" आणि कमळाकरने सरळ सांगितले होते, "बौद्ध." "बरं," ती म्हणाली होती. त्यानंतर रोज त्याच्या पुढ्यात एकच ताट येत असे, काठाला पोचा पडलेले. त्याने ते एकदा ठोंबऱ्याला बोलून दाखवले, तर ठोंबरे हसला होता. "ताटाचाही वहीम घेतोस? अरे, बोर्डिंगातलं ताट ते, पोचा असायचाच." पण ठोंबऱ्याचे ताट रोज निराळे असे. कमळाकरला पडसे झाले तेव्हा मात्र हीच बाई न सांगता आल्याचा काढा घेऊन आली होती. पेल्यात ओतला तोही वरूनच. तेव्हा तिच्याबद्दल काय समजावे, हे त्याचे ठरत नव्हते.

भजीही त्याच्या ताटात वरूनच पडली. ठोंबऱ्याने आणखी मागितली.

"सपली," धोंडूबाई म्हणाली.

"एवढ्यात? मग काय खरं नाही."

ठोंबरे पोटावर हात फिरवत खुशीत उठला. कमळाकर त्याच्याकडे बघत राहिला. माणूस एवढा निर्धास्त कसा असू शकतो? काही तरी ठरवून ठेवल्याशिवाय?

सकाळी बोंब झाली ती अगदी त्याने धरली होती तशीच.

"रोकडे! अरे रोकडे, बाहेर ये! माझे कांदे कुठायत?"

कमळाकर टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आला. "मला काय विचारतोस?"

"मग कुणाला विचारू? इथं तिसरं कोण आहे? तुझे तिन्ही जागच्या जागी आणि माझेच तेवढे पाय फुटून गेले?"

"कांद्याला मुळ्या फुटतात. पाय फुटलेले तू बघितलेस."

"चेष्टा करू नको! काल तू आधी आलास. तेव्हा होते का नव्हते?"

कमळाकरने टॉवेल दुसऱ्या खांद्यावर टाकला. 'नव्हते' म्हणावे तर 'मग सांगितलं का नाहीस', आणि 'होते' म्हणावे तर खोटे.

"बघ, बोलत नाही," ठोंबरे म्हणाला. त्याचा आवाज एकदम उतरला. "जागेसाठी माणूस इतका खाली जाईल असं वाटलं नव्हतं मला."

त्या उतरलेल्या आवाजाने कमळाकर घोटाळला. नाटक असेल, तर फार चांगले होते.

प्रयोगशाळेत पोचेपर्यंत दोघे रस्त्याच्या दोन कडांनी चालले. कमळाकरने आपल्या तिन्ही बाटल्या पिशवीत घालून छातीशी धरल्या होत्या. आत गेल्या गेल्या ठोंबऱ्याने सगळ्यांदेखत रेगेबाईंना सांगितले. स्टुलांचे आवाज थांबले. रेगेबाई उंच, चष्मेवाल्या, कामाशी काम ठेवणाऱ्या. त्यांनी कमळाकरला एवढेच विचारले, "काल संध्याकाळी तुम्ही बाटल्या पाहिल्यात?"

"पाहिल्या."

"कांदे होते?"

"ठोंबऱ्यांचे नव्हते."

"मग त्यांना सांगितलं नाहीत?"

"नाही."

"का?"

'त्यांनीच लपवले असं वाटलं म्हणून,' हे खरे उत्तर होते. पण वीस माणसांसमोर ते तोंडाशी आले आणि तिथेच राहिले, कारण ते उत्तर चोराच्या तोंडी जास्त शोभले असते. नेरळचे चांगो भोईर मास्तर शेजाऱ्याच्या कानाशी काही पुटपुटले. शेजाऱ्याने मान हलवली.

"असं आहे," रेगेबाई म्हणाल्या, "मी इथे चौकशी करायला आलेली नाही. पण एकाचं सामान नाहीसं करून दुसऱ्याची स्लाइड उत्तम ठरणार असेल, तर ती मी घेणार नाही. तुमच्या शाळेचा फोटो निघणार नाही आणि का निघाला नाही ते अहवालात लिहावं लागेल. दुपारपर्यंत तुम्ही दोघे मिटवून घ्या. रोकडे, तुमच्या मुळ्या आता कापा, वेळ जाईल."

कमळाकरने टोके कापली आणि औषधाच्या छोट्या बाटलीत टाकली. हात स्थिर होता, याचेच त्याला नवल वाटले. आणि तेही कुणी तरी पाहिले असेल, बघा कसा निर्ढावलेला आहे म्हटले असेल, असेही वाटले. अहवालात एक ओळ. ती शाळेत वाचली जाणार, कमिटीत वाचली जाणार. जागा तर जाईलच, पण मग कुठली शाळा अतिरिक्त माणसांतून त्याला उचलील?

चहाच्या सुटीत तो छत्री न घेताच बोर्डिंगाकडे गेला. कांदे ठोंबऱ्याने लपवले असतील तर ते बोर्डिंगातच असणार. खाटेखाली पाहिले, माळ्यावर पाहिले. ठोंबऱ्याच्या ट्रंकेला कुलूप होते; ती हलवून पाहिली, तर आत साबणाची डबी वाजली. मग तो घराला वळसा घालून मागे गेला.

मागे केळीच्या बुडाशी धोंडूबाई कचरा टाकी. राख, भाताची पेज, भाजीची देठे. पावसाने राखेचा चिखल झाला होता. त्यात कमळाकरला काही पांढरे दिसले. त्याने वाकून बोटाने राख बाजूला केली. कांद्याचे कापलेले बूड होते, रुपयाएवढे, आणि त्याला बोटभर लांब मुळ्या लोंबत होत्या. शोधल्यावर आणखी एक सापडले. मग तिसरे.

असल्या मुळ्या वाण्याच्या पोत्यातल्या कांद्याला येत नाहीत. रोज पाणी बदलल्याशिवाय येत नाहीत.

स्वयंपाकघराच्या मागल्या दारी धोंडूबाई सुपात तांदूळ निवडत होती. दाराबाहेर मोरीच्या वर भिंतीतल्या एका खिळ्याला एक ताट अडकवले होते. बाकीची ताटे आत फळीवर, ओळीने. बाहेरच्या ताटाच्या काठाला पोचा होता. कमळाकरने ते पाहिले आणि पुढे गेला.

"धोंडूबाई, ठोंबरे मास्तरांचे कांदे तुम्ही घेतलेत?"

"कंचे?"

"खिडकीतले. बाटल्यांवरचे."

"त्ये व्हय! घेतले की. काल कांदेनवमी नव्हती का? वान्याकडं गेले तर फुटका कांदा नाय, समद्या गावानं उचलला. उद्याला एकादस, मंग चार महिनं कांदा घरात बी ठेवायचा नाय. त्यात त्यांला ही मुळं फुटलेली. कुजून जायाचे. म्हटलं, मास्तरांचे हायेत, मास्तरांच्याच पोटात जाऊं द्या." ती मान वर करून हसली. "का? वरडले का काय?"

कमळाकरलाही हसू फुटले. कालपासून छातीवर धरलेला दगड खाली पडावा तसे झाले. ठोंबऱ्याने काही लपवले नव्हते, बिचाऱ्याने ते पिठात घोळून, तळून, मिटक्या मारत खाल्ले होते! आपणही खाल्ले होते. आणि रात्रभर आपण त्याचा वहीम घेत पडलो होतो.

मग ते हसू अर्ध्यावर थांबले.

"आणि माझे का नाही घेतले?"

धोंडूबाईने मान खाली घातली. तांदळातले खडे ती फार लक्ष देऊन शोधू लागली.

"बाई, मी विचारतोय."

"तीन पुरले."

"पुरले कुठे? ठोंबऱ्यांनी मागितली तेव्हा संपली म्हणालात. सहाही एकाच खिडकीत होते."

सूप थांबले. "तुमचे कसे घेऊ मास्तर?" ती हळूच म्हणाली. "रोज सकाळी बगते ना मी, कोन कुटल्या बाटलीला हात लावतंय त्ये. सनाचं व्हतं. मला बी खायाचं व्हतं त्यातलं."

पागोळ्यांचे पाणी मोरीच्या दगडावर पडत होते. कमळाकरला राग येईल असे वाटले होते. तो लगेच आला नाही. आधी आले ते एक विचित्र समाधान. आपला वहीम खोटा नव्हता. फक्त तो चुकीच्या माणसावर बसला होता.

"ह्ये कुनाला सांगू नका," धोंडूबाई म्हणाली. "आता कायदा हाय म्हनत्यात. मला काडतील. तुमच्याबद्दल माज्या मनात काय नाय वो. तुमाला काडा दिला की मी."

"दिलात," कमळाकर म्हणाला. "वरून."

त्याने तिन्ही बुडे वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळली आणि तो निघाला. वाटेत त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली आणि त्याची पावले मंदावली. कांदे धोंडूबाईने भज्यांत घातले एवढे सांगून भागणार नव्हते. पुढचा प्रश्न आलाच असता, आणि त्याच्या उत्तरावाचून त्याचे निरपराधीपण अर्धेच राहणार होते. ते उत्तर वीस माणसांत आपल्या तोंडाने सांगायचे? माझे कांदे शिवले नाहीत म्हणून मी चोर नाही?

त्याने प्रयोगशाळेत पुडी टेबलावर उलगडली तेव्हा सगळे भोवती जमले.

"हे कुठे मिळालं?" रेगेबाईंनी चिमट्याने एक बूड उचलले.

"बोर्डिंगाच्या उकिरड्यावर."

"पण हे कुणीही कापून टाकील," भोईर मास्तर म्हणाले. "राग मानू नका रोकडे, पण तुम्हीच टाकलं नसेल कशावरून?"

"भोईर सर, काल नवमी होती," कमळाकर म्हणाला. "तुमच्या घरी काय केलं होतं?"

"भजी. आणि कांद्याचं थालीपीठ. का?"

"बोर्डिंगातही भजी होती. वाण्याकडे कांदा मिळाला नाही."

मग कुणी तरी फुसकन हसले आणि सारी प्रयोगशाळाच हसू लागली. भोईर मास्तरांना ठसका लागला. "सदूभाऊ, तुम्ही तर पुरावाच पचवलात!"

"म्हणजे मी माझेच कांदे खाल्ले?" ठोंबरे म्हणाला. "आणि वर आणखी मागत होतो?"

रेगेबाईही चष्मा काढून हसत होत्या. "नशीब तुमचं, बाटल्यांत नुसतं पाणी होतं, औषध नव्हतं." मग चष्मा पुसता पुसता त्या थांबल्या. "पण मग सहाही जायला हवे होते. रोकड्यांचे तीन कसे राहिले?"

हसणे विझले. आणि जे झाले ते कमळाकर पुढेही कधी विसरला नाही. एकेक करून सगळे आपापल्या जागी गेले आणि त्यांनी मायक्रोस्कोपला डोळे लावले. कुणाच्याही भिंगाखाली काही नव्हते. स्लाइडी तर उद्या करायच्या होत्या. पण नेरळचे, चौकचे, खोपोलीचे, सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि रिकामा उजेड बघत बसले. त्या प्रयोगशाळेत उत्तर ठाऊक नसलेले माणूस एकच होते, आणि ते मुंबईहून आलेले होते.

"काय झालं?" बाई म्हणाल्या. "मी काही चुकीचं विचारलं का?"

कमळाकरने तोंड उघडले आणि पुन्हा मिटले. नाही. हे त्याने का म्हणून सांगायचे?

"ते ठोंबरे सांगतील, बाई," तो म्हणाला.

ठोंबऱ्याचे कान लाल झाले. "मी?"

"तूच. सकाळी तूच विचारत होतास, तुझे तिन्ही जागच्या जागी कसे म्हणून."

"बाई, ते काय आहे... आमच्याकडची जुनी माणसं..."

"काय जुनी माणसं?"

ठोंबऱ्याने एकवार दाराकडे पाहिले. "रोकडे बौद्ध आहेत," तो म्हणाला. "त्यांचा हात लागलेला म्हणून म्हातारीनं ते कांदे घेतले नाहीत. माझे घेतले." आणि मग, कुणी विचारले नसताना, "ताटही त्याला निराळं देते. त्यानं मला सांगितलं होतं. मी हसण्यावारी नेलं."

रेगेबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. त्यांचा चेहरा तांबडा झाला होता. "बोर्डिंगचं कोण बघतं? मी आत्ता लेखी तक्रार..."

"बाई," कमळाकर म्हणाला, "तक्रार माझी आहे. ती करायची का नाही, कधी करायची, ते मी बघेन."

बाईंनी पुडीतल्या बुडांकडे पाहिले. "आणि ठोंबऱ्यांच्या मुळ्यांचं काय?"

"माझ्या कांद्यांना अजून पुष्कळ आहेत."

दुपार झाली होती, पण ढगाळ हवेत वेळ अगदीच गेली नव्हती. ठोंबरे कात्री घेऊन आला आणि कमळाकरच्या बाटलीपाशी घुटमळला.

"घेऊ?"

"घे. टोकं आखूड काप."

"ते मला माहीत आहे रे," ठोंबरे म्हणाला, आणि थोड्या वेळाने, "सकाळचं मनात ठेवू नको."

कमळाकरने त्याला होयही म्हटले नाही आणि नाहीही. त्या संध्याकाळी तो बोर्डिंगात जेवला नाही. स्टेशनाबाहेर उसळ-पाव खाल्ला.

दुसऱ्या दिवशी त्याला नवीच काळजी लागली. रेगेबाई त्याच्याशी फार मऊ बोलू लागल्या होत्या. चांगला स्पिरिट दिवा त्यांनी त्याच्या टेबलावर आणून ठेवला. तो मुळीचे टोक काचेवर घेतो न घेतो तोच "छान, छान" म्हणाल्या. अजून छान काय झाले होते? त्याने रंगाचा थेंब टाकला, वर पातळ काच ठेवली, टिपकागद ठेवून अंगठ्याने दाबले. आधी हलके, मग नेट लावून, काच सरकू न देता. भिंगाखाली पाहिले. एका पेशीत गुणसूत्रे एकमेकांपासून सुटी, गडद लाल, कुणी काळजीने मांडून ठेवावीत तशी पसरली होती. पुस्तकातल्या चित्रापेक्षाही स्वच्छ.

आणि नेमके तेव्हाच त्याच्या मनात आले, की आता ही घेतली, तर ती स्लाइडीसाठी घेतली का कालच्या गोष्टीसाठी, हे आपल्याला कधीच कळणार नाही. ठोंबऱ्याचा चुलता तर पहिल्या दिवशीच म्हणेल, बाईंना दया आली. आणि त्याला काय उत्तर देणार?

काचेच्या कडेला प्रत्येकाने काचपेन्सिलीने आपले नाव लिहिले होते. कमळाकरने अंगठ्याने आपले नाव पुसून टाकले आणि तो ठोंबऱ्याच्या टेबलापाशी गेला.

"नाव पूस."

"कशाला?"

"तू पूस तर. भोईर सर, या दोन्ही घ्या. आम्ही तोंड फिरवतो. कुठलीही कुठल्याही मायक्रोस्कोपला लावा आणि बाईंना दाखवा."

"हे काय आता?" रेगेबाई म्हणाल्या. त्यांना थोडे लागलेले दिसले. "माझ्यावर विश्वास नाही तुमचा?"

"नाही, बाई," कमळाकर म्हणून गेला आणि स्वतःच दचकला. पण मागे घेतले नाही.

बाईंनी त्याच्याकडे पाहिले. मग त्या पहिल्या मायक्रोस्कोपवर वाकल्या. मग दुसऱ्यावर. पुन्हा पहिल्यावर. स्क्रू फिरवला, स्लाइड सरकवली. बाहेर घाटात चढणाऱ्या गाडीचे इंजिन धापा टाकत होते.

"ही," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या मायक्रोस्कोपवरची. यात शंकाच नाही. कुणाची आहे?"

भोईर मास्तरांनी हात वर केले. "मी तर मुद्दाम बघितलंच नाही."

कमळाकर पुढे होऊन वाकला. त्याचीच होती. ती पेशी त्याने हजारांत ओळखली असती. पण 'माझी' म्हणायला त्याची जीभ उचलेना. त्याने म्हटले असते माझी, ठोंबऱ्याने म्हटले असते माझी, नावे तर पुसलेली. आपणच आपल्या हाताने पुसलेली! सकाळपासून पहिल्यांदा त्याला वाटले, की आपण वेडेपणा केला. तो बाजूला झाला आणि ठोंबऱ्याकडे बघत राहिला.

ठोंबरे भिंगाशी गेला. एक डोळा मिटून, हात पाठीशी बांधून तो इतका वेळ बघत राहिला, की भोईर मास्तर खाकरले. जागा एक होती. अतिरिक्त त्यालाही व्हायचे नव्हते. त्याच्याही घरी माणसे होती.

"माझ्यात मधोमध हवेचा बुडबुडा आहे," तो शेवटी म्हणाला. "यात नाही."

"म्हणजे?" बाईंनी विचारले.

"म्हणजे रोकड्याची." तो सरळ झाला आणि कमळाकरवरच खेकसला, "असा काय बघतोस रं माझ्याकडं? मी खोटं बोललो असतो असं वाटलं तुला?"

"मला काय माहीत," कमळाकर म्हणाला.

ते खरेच होते. ठोंबऱ्यालाही ते पटले असावे, कारण तो एकदम हसला, पण फारसे नाही. "आता माझं कठीण आहे," तो म्हणाला आणि आपली स्लाइड काढून पाण्याच्या भांड्यात टाकायला गेला.

रेगेबाईंनी कॅमेरा बसवला. खटका एकदा वाजला, मग खात्रीसाठी पुन्हा एकदा. नंतर त्या टेबलाशी बसल्या आणि अहवालाचा कागद पुढे ओढून लिहू लागल्या. कमळाकर त्यांच्या खांद्यामागे उभा राहिला. शाळेचे नाव झाले. त्याचे नाव झाले, वडिलांचे झाले, आडनावाचा शेवटचा काना-मात्रा झाला, तरी तो हलला नाही.

"आणखी काही, रोकडे?"

"काही नाही, बाई," तो म्हणाला. "तेवढं शाईनं लिहा."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि पर्समध्ये पेन शोधायला हात घातला.